कंठग्रंथीचा कर्करोग आणि साध्यासाध्यविचार



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे ती प्रथा महाराष्ट्रात गावोगावी रुजली. या प्रथेत व्याख्यानाइतकेच महत्त्व व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांना आहे. वक्ता जे बोलतो ते पुष्कळदा छापले जाते. श्रोता जे विचारतो ते बहुधा हवेत विरून जाते. आज ज्या रोगाचा इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे, त्याला मात्र एका श्रोत्याने व्याख्यानानंतर विचारलेल्या प्रश्नानेच नवे वळण दिले. ती हकीकत पुढे येईलच.

विषय आहे थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाचा. ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. आपण असे मानतो, की कर्करोग म्हटला की तो मारणारच आणि तो टाळण्यासाठी जे जे करता येईल ते सगळे केलेच पाहिजे. आपले जुने वैद्यक मात्र रोगाच्या नावावर थांबत नव्हते. चरकसंहितेत चिकित्सेला हात घालण्यापूर्वी साध्यासाध्यविचार करण्यास सांगितले आहे. काही रोग सुखसाध्य, काही कृच्छ्रसाध्य, म्हणजे कष्टाने बरे होणारे. काही याप्य, म्हणजे बरे न होणारे पण उपचाराने आटोक्यात राहणारे. आणि काही वैद्याने हात टेकावेत असे. थायरॉइडच्या कर्करोगाची गंमत अशी, की या एकाच नावाखाली हे चारही प्रकार सापडतात. त्यांतला आपल्यासमोरचा कोणता, हे ओळखायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शिकण्याचा हा इतिहास आहे.

ग्रंथी आणि तिचे शेजारी

मानेच्या पुढल्या भागात, श्वासनलिकेला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. शास्त्रीय मराठीत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. तिचे वजन जेमतेम दोन तोळे. रक्तातले आयोडीन वेचून घेऊन ती एक स्राव तयार करते, आणि शरीराची उष्णता, हृदयाची गती, मुलांची वाढ व बुद्धीचा विकास त्या स्रावावर अवलंबून असतो. तिचे शेजारीही महत्त्वाचे आहेत. तिच्या मागून आवाजाच्या पडद्यांकडे जाणाऱ्या दोन नसा जातात आणि तिच्या पाठीशी मसुरीच्या दाण्याएवढ्या बहुधा चार उपग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण त्या राखतात. नस दुखावली तर आवाज बसतो. उपग्रंथी गेल्या तर हातापायांत पेटके येतात आणि जन्मभर कॅल्शियम घ्यावे लागते. पुढच्या साऱ्या विवेचनात हे शेजारी विसरून चालणार नाही.

ही ग्रंथी सुजली की गलगंड होतो. आपल्या जुन्या वैद्यकाने गलगंड आणि गंडमाळा हे दोन वेगळे रोग सांगितले आहेत. हा भेद आजही उपयोगी आहे, कारण थायरॉइडचा कर्करोग पुष्कळदा मानेच्या बाजूच्या गाठींत उतरतो, आणि आपल्या देशात अशा गाठी दिसल्या की पहिला संशय क्षयाचा येतो. तो बहुधा बरोबर असतो. पण नेहमीच असतो असे नाही.

कोखर यांचा धडा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या ग्रंथीवर शस्त्र चालवणे म्हणजे रोग्याला मरणाच्या दारात नेणे, असेच शस्त्रवैद्य समजत. तिचा रक्तपुरवठा विपुल असल्याने रक्तस्राव आवरत नसे, आणि त्यातून वाचलेला रोगी जखम चिघळून दगावत असे. बिलरोथ यांच्यासारख्या नामांकित शस्त्रवैद्याच्या हातूनही झुरिचमध्ये सुरुवातीला शेकडा ४० रोगी दगावले आणि त्यांनी काही वर्षे ही शस्त्रक्रिया बंद ठेवली.

हे चित्र बदलले ते स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर यांनी. निर्जंतुक पद्धती, एकेक रक्तवाहिनी बांधून पुढे जाणारी सावकाश शस्त्रक्रिया आणि विलक्षण काटेकोरपणा यांच्या बळावर त्यांनी मृत्यूचे प्रमाण अखेरीस शेकडा अर्ध्याच्या आसपास आणले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले शस्त्रवैद्य. परंतु त्यांची खरी थोरवी त्याआधीच्या, १८८३ सालच्या एका निबंधात आहे, असे मला वाटते. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या काही रोग्यांची अवस्था पुढे चमत्कारिक होते, असे त्यांच्या कानावर आले. कोखर यांनी आपले जुने रोगी परत बोलावून तपासले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या १८ जणांपैकी १६ जण सुजलेले, मंद आणि थंडीने गारठलेले आढळले. लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची वाढ खुंटली होती. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती आणि माणूस मात्र हरवला होता. कोखर यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली आणि गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले.

पुढे १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा अवस्थेतील एका स्त्रीला बरे केले. १९१४ साली केंडॉल यांनी ग्रंथीतील मूळ द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवले, आणि आज रोज सकाळी एक लहानशी गोळी घेऊन ग्रंथीवाचूनही माणूस धडधाकट जगू शकतो. तथापि कोखर यांचा धडा जुना झालेला नाही. उपचारालाही किंमत असते, आणि ती कळायची तर रोग्याला वर्षांनंतर परत बोलवावे लागते.

एका प्रश्नाचे फळ

आता त्या प्रश्नाकडे वळू. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचे व्याख्यान झाले. पदार्थविज्ञान वैद्यकासाठी काय करू शकेल, हा त्यांचा विषय होता. श्रोत्यांत सॉल हर्ट्झ नावाचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारले, आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सर्गी करता येईल काय? कॉम्प्टन यांच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. महिन्याभराने त्यांनी पत्राने कळवले, की होय, करता येईल.

प्रश्नामागचा तर्क साधा होता. थायरॉइड ग्रंथी आयोडीनला भुकेलेली असते. मग त्या आयोडीनच्याच अंगी किरण घातले, तर ग्रंथी ते स्वतः गिळील आणि किरण नेमके जिथे हवेत तिथेच पडतील. १९३८ साली लिव्हिंगुड आणि सीबॉर्ग यांनी आयोडीन-१३१ शोधले. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. त्याच्या एका प्रकारच्या किरणांचा मारा शरीरात एकदोन मिलिमीटरपलीकडे जात नाही, त्यामुळे शेजारच्या भागांना फारशी झळ पोचत नाही. दुसऱ्या प्रकारचे किरण बाहेर येतात, त्यामुळे ते कोठे जाऊन बसले याचे चित्र घेता येते. ३१ मार्च १९४१ रोजी हर्ट्झ यांनी ग्रंथीच्या अतिस्रावाने पीडित रोग्याला प्रथम किरणोत्सर्गी आयोडीन दिले.

कर्करोगावर त्याचा प्रयोग १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल सायडलिन यांनी केला. त्यांच्या रोग्याची ग्रंथी वीस वर्षांपूर्वीच काढलेली होती, आणि तरीही त्याच्यात अतिस्रावाची सारी लक्षणे दिसत होती. घरात चूल नाही आणि धूर मात्र निघतो आहे, अशातला प्रकार! उलगडा असा झाला, की ग्रंथीतील कर्करोगाच्या पेशी हाडांत व इतरत्र जाऊन बसल्या होत्या आणि तिथे आपला जुना धंदा, म्हणजे आयोडीन घेऊन स्राव करणे, चालवीत होत्या. सायडलिन यांनी त्यांना किरणोत्सर्गी आयोडीन दिले आणि त्या ते मुकाट्याने गिळून मेल्या. १९४६ च्या डिसेंबरात ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा कर्करोगावर रामबाण सापडल्याची हाकाटी झाली.

रामबाण मात्र तो नव्हता. आपला जुना धंदा न विसरलेल्या पेशींनाच हे औषध लागू पडते, हे लवकरच ध्यानात आले. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर हे दोन प्रकार बहुधा आयोडीन घेतात. मेड्युलरी प्रकार ग्रंथीतील वेगळ्याच पेशींतून उद्भवतो आणि आयोडीनला ओळखत नाही. तो काही घराण्यांत आनुवंशिक असतो, आणि १९९३ नंतर रक्तातून जनुके तपासून त्याची चाहूल आधीच घेता येऊ लागली. अ‍ॅनाप्लास्टिक हा प्रकार विरळा, बहुधा वृद्धांत आढळणारा आणि अतिशय उग्र. पुष्कळदा तो महिन्यांच्या हिशेबाने माणूस नेतो. म्हणजे साध्यासाध्यविचारातला पहिला प्रश्न ठरला: पेशी कोणत्या जातीच्या?

तुर्भे ते परळ

हा शोध आपल्याकडे कसा आला, हे मराठी माणसाने जाणून घेण्यासारखे आहे. मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तुर्भ्यास ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली आणि १९६० साली ‘सायरस’. १९६२ साली टाटा रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले, आणि १९६३ साली होमी भाभा यांच्या प्रेरणेने परळलाच किरणोत्सर्गी औषधांचे केंद्र स्थापन झाले. अणू म्हटला की हिरोशिमा आठवणाऱ्या त्या काळात अणुभट्टीतून निघालेले आयोडीन पेल्यातून रोग्याच्या हाती पडू लागले. परळच्या केंद्राने तेव्हापासून थायरॉइडच्या हजारो रोग्यांवर उपचार केले आहेत.

त्याच १९६३ साली मुंबईत आणखी एक काम सुरू झाले, ज्याची चर्चा फारशी होत नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईतील कर्करोग्यांची लोकसंख्येवर आधारलेली नोंदवही घातली. आपल्या देशातील ती पहिली. तिची शाखा १९७८ साली आपल्या औरंगाबादेत सुरू झाली. कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला, याची वर्षानुवर्षे नोंद करीत राहणे हे काम रूक्ष खरे. पण साध्यासाध्यविचार अशा नोंदींवाचून होत नाही. चरकाचा वैद्य अनुभवावरून बोलत असे. आजचा वैद्य हजारोंच्या अनुभवावरून बोलतो, आणि तो अनुभव वह्यांत असतो.

वयाचे कोडे

अशा वह्यांतूनच या रोगाचे सर्वांत विस्मयकारक लक्षण पुढे आले: रोग्याचे वय. पॅपिलरी कर्करोग पंचविशीतल्या मुलीला झाला, मानेच्या गाठींत पसरला, तरी ती बहुधा पूर्ण आयुष्य जगते. तोच रोग सत्तरीतल्या पुरुषाला झाला तर अंगावर येतो. इतर बहुतेक कर्करोगांत रोगाच्या अवस्था गाठीच्या आकारावरून व पसरण्यावरून ठरवतात. या रोगात मात्र वय हे अवस्था ठरवण्याचे एक अंगच आहे. पूर्वी ही सीमा ४५ वर्षांची होती, २०१८ पासून ती ५५ वर्षांची झाली. त्याखालील रोग्याचा पॅपिलरी वा फॉलिक्युलर कर्करोग फुप्फुसांत पसरलेला असला, तरी तो दुसऱ्या अवस्थेच्या पुढे गणला जात नाही.

बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून न्यूयॉर्कला गेलेले शस्त्रवैद्य जतीन शहा यांनी १९९२ साली सहकाऱ्यांसह ९३१ रोग्यांच्या पन्नास वर्षांच्या नोंदी तपासून भविष्य ठरवणारे घटक मांडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या इयान हे यांनी १७७९ रोग्यांवरून पॅपिलरी कर्करोगासाठी एक साधे गणित दिले. चाळिशीच्या आतल्या रोग्याला ३.१ गुण, पुढे वयाच्या प्रत्येक वर्षाला ०.०८, गाठीच्या प्रत्येक सेंटिमीटरला ०.३, गाठ पूर्ण निघाली नसेल तर १, ग्रंथीबाहेर घुसली असेल तर १, दूरच्या अवयवांत गेली असेल तर ३. तीस वर्षांच्या स्त्रीची, ग्रंथीतच राहिलेली व पूर्ण निघालेली दोन सेंटिमीटरची गाठ घ्या: ३.७ गुण. सत्तर वर्षांच्या पुरुषाची, ग्रंथीबाहेर घुसलेली पण पूर्ण निघालेली पाच सेंटिमीटरची गाठ घ्या: ८.१ गुण. त्या नोंदींत सहाच्या आत गुण असलेल्यांपैकी शेकडा ९९ जण वीस वर्षांनंतरही या रोगापासून वाचलेले होते. आठ आणि त्यावर गुण असलेल्यांपैकी शेकडा २४. रोगाचे नाव दोघांचे एकच! मग दोघांना एकच उपचार कसा द्यावा?

अति शोध, अति उपचार

गेल्या शतकाच्या अखेरीस ध्वनिलहरींनी शरीराच्या आत पाहण्याचे यंत्र, म्हणजे सोनोग्राफी, सर्वत्र झाले आणि हाताला न लागणाऱ्या गाठी डोळ्यांना दिसू लागल्या. दक्षिण कोरियात याचा जो अनुभव आला तो डोळे उघडणारा आहे. १९९९ पासून तेथे कर्करोगाच्या तपासणीची राष्ट्रीय मोहीम चालली आणि तिच्या जोडीला अल्प शुल्कात मानेचीही तपासणी होऊ लागली. २०११ साली थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. एका वर्षात ४० हजारांवर माणसांना कर्करोग असल्याचे सांगण्यात आले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. बहुतेकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या; शेकडा ११ जणांच्या उपग्रंथी निकामी झाल्या आणि शेकडा २ जणांची स्वरनस गेली. २०१४ साली तेथील काही डॉक्टरांनीच जाहीरपणे ही तपासणी थांबवण्याची हाक दिली, आणि वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एकतृतीयांशाने घटल्या.

या गाठी आल्या कोठून? फिनलंडमध्ये १९८५ साली अन्य कारणांनी मेलेल्या १०१ जणांच्या ग्रंथी बारकाईने तपासल्या, तेव्हा ३६ जणांत सूक्ष्म पॅपिलरी कर्करोग सापडला होता. ती माणसे या रोगासह जगली, रोगाने मेली नाहीत. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयात अकिरा मियाउची यांनी १९९३ पासून एक धाडसी मार्ग धरला. एक सेंटिमीटरच्या आतील, निरुपद्रवी जागी असलेली गाठ काढायची नाही. नियमाने तपासत राहायचे आणि वाढली तरच शस्त्र घ्यायचे. २०१४ साली त्यांनी अशा १२३५ जणांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील एकही जण या रोगाने दगावला नव्हता. आणि इथे वयाचे कोडे उलटे झाले: अशा सूक्ष्म गाठी तरुणांत थोड्या अधिक वाढतात, वृद्धांत बहुधा निजून राहतात.

यानंतर जगभर उपचारांना आवर बसला. १ ते ४ सेंटिमीटरच्या, ग्रंथीतच राहिलेल्या गाठीसाठी अर्धी ग्रंथी काढणे पुरते, असे अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१५ साली मान्य केले. २०१६ साली एका निरुपद्रवी प्रकाराच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच काढून टाकण्यात आला. फ्रान्समध्ये कमी धोक्याच्या रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सर्गी आयोडीन देऊन आणि न देऊन पाहिले. तीन वर्षांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही, असे २०२२ साली जाहीर झाले.

यावरून उपचार निरर्थक आहेत, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मोठी, ग्रंथीबाहेर घुसलेली, दूर पसरलेली गाठ संपूर्ण काढावी लागते आणि आयोडीनही द्यावे लागते. ज्यांच्या पेशी आयोडीन घेईनाशा होतात, त्यांच्यासाठी गेल्या दहाबारा वर्षांत पेशींची वाढ रोखणाऱ्या गोळ्या आल्या आहेत. त्या रोग मुळासकट काढत नाहीत, परंतु पुष्कळांचा रोग काही काळ आवरून धरतात. चरकाच्या भाषेत तो याप्य झाला. कमी धोक्याच्या रोग्यावर केलेला अतिरेक आणि जास्त धोक्याच्या रोग्याकडे केलेले दुर्लक्ष, या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. दोन्हींत साध्यासाध्यविचार राहून गेलेला असतो.

आपल्या गावाचा हिशेब

आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. ‘अप्सरा’ चालू झाली तेही तेच वर्ष. परंतु पुढची कित्येक दशके मराठवाड्यातल्या कर्करोग्याला मीटरगेजच्या गाडीने निघून, मनमाडला गाडी बदलून परळ गाठावे लागे. एकदा शस्त्रक्रिया झाली, की पुन्हा तपासणीला जाण्याचे बळ, पैसा आणि रजा प्रत्येकाजवळ कोठून असणार? २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय येथेच सुरू झाले आणि जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडच्या माणसांना हा प्रवास पुष्कळ अंशी टळला. किरणोत्सर्गी आयोडीनची मोठी मात्रा मात्र कोठेही देता येत नाही. ती देण्यास मान्यताप्राप्त केंद्र आणि वेगळी खोली लागते, कारण काही दिवस रोगी स्वतःच किरण सोडीत असतो.

मग सामान्य नागरिकाने यातून काय घ्यावे? मानेत गाठ आली, ती गिळताना वरखाली होते, वाढते आहे, आवाज बसला आहे, बाजूला गाठी लागताहेत, तर ती अंगावर काढू नये. गंडमाळा समजून महिनोन्महिने तेल चोळीत बसू नये. साठीपुढच्या माणसाने तर मुळीच नाही, कारण त्याच्यापाशी वेळ कमी असतो. उलट, काही त्रास नसताना दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत बारीक गाठ दिसली, तर सर्व काही काढून टाका असा धोशा डॉक्टरांपाशी लावू नये. दोन्ही प्रसंगी विचारावयाचे प्रश्न तेच आहेत: पेशी कोणत्या जातीच्या? माझे वय लक्षात घेता धोका किती? काढल्याने काय मिळेल आणि काय जाईल? हे प्रश्न ऐकून घेणे आणि त्यांची समजेल अशी उत्तरे देणे, हा डॉक्टरांच्या कर्तव्याचाच भाग आहे.

आणि शेवटची गोष्ट कागदांची. हा रोग वीस वर्षांनीही परत येऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद, पेशींचा अहवाल, आयोडीनच्या मात्रेची नोंद जपून ठेवावी आणि बरे वाटत असले तरी बोलावले त्या तारखेला जावे. कोखर यांनी रोगी परत बोलावले नसते, तर त्यांचा स्वतःचा दोष त्यांना कधीच कळला नसता. कोबेचे रोगी वर्षानुवर्षे येत राहिले नसते, तर न कापताही माणूस सुखरूप राहतो हे जगाला कळले नसते. तपासणीला वेळेवर येणारा रोगी स्वतःची काळजी तर घेतोच. पुढे याच रोगाने येणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा साध्यासाध्यविचारही तो थोडा अधिक अचूक करून ठेवतो.